आलेखातून काढलेला ठिपका

माझं काम बी पेशींचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधला हा एक प्रकार. शरीरात जंतू शिरला की त्याला ओळखायचं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची, ही त्यांची जबाबदारी. एरवी त्या रक्तातून नुसत्या फिरतात; लहान, गोल, कशातच नसल्यासारख्या. जंतूची खूण लागली की काही तासांत त्यांचं वागणं पालटतं. शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात, पण कोणतं जनुक कधी वापरात येतं यावर त्या पेशीचं काम ठरतं. चेतवलेल्या बी पेशीत शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात, काही गप्प होतात. प्रयोगशाळेत आम्ही जंतूशिवायच, रसायनं घालून, तिला तशी खोटी खूण देतो आणि कोणती जनुकं वाढली, कोणती उतरली ते मोजतो.

एवढं सांगणं भाग आहे, कारण माझ्या हातून जे झालं ते याच मोजणीत झालं.

तेव्हा मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. वय झालेल्या, पण निरोगी माणसांच्या बी पेशी चेतवल्यावर तरुणांच्या पेशींइतक्याच जाग्या होतात का, हा माझा प्रश्न. त्यासाठी पंचावन्नच्या पुढची, कसलंही औषध चालू नसलेली माणसं हवी होती. नागपुरात ती मिळेनात. जो भेटे त्याची बीपीची नाही तर शुगरची गोळी सुरू. शेवटी मार्गदर्शक मॅडमना मीच म्हणाले, "आमच्या गावात मिळतील. सकाळी रक्त घेतलं तर दुपारच्या आत इथं पोचतं."

आमचं गाव आंधळगाव. मोहाडी तालुक्यातलं मोठं गाव, धानाचं. संशोधनातली नीती तपासणाऱ्या समितीची परवानगी आली, दिवस ठरला. धान घरात येऊन पडलं होतं, बायकांना जरा उसंत होती. शाळेच्या एका खोलीत आम्ही टेबल मांडलं. रक्त काढणारी ताई नागपूरहून आली होती. पण खोलीबाहेर जमलेल्या बायका उंबरा ओलांडेनात. रक्त कुठं नेतात, कोणाला देतात, अशी कुजबुज चालली होती.

तेव्हा मोठीमाय पुढं आली. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्या आणि तिच्या घराची एक भिंत सामायिक. मोठे बाबा लवकर गेले, एकच मुलगी, ती पवनीला दिलेली. माझी आई अंगणवाडीत जायची, त्यामुळं माझं दुपारचं जेवण वर्षानुवर्षं मोठीमायकडेच झालं. लाखोरीची डाळ, भात आणि वर कच्चा कांदा. तिनं आयुष्यात दवाखाना पाहिला तो दुसऱ्यांना घेऊन जाताना. ती खुर्चीत बसली, बाही वर सारली आणि दाराकडं बघून म्हणाली, "काहून भेऊन राहिल्या वो? आपलीच पोरगी हाये. काई खाऊन टाकते का?"

बायका हसल्या आणि आत आल्या.

रक्त घ्यायच्या आधी संमतीपत्र वाचून दाखवायचं होतं. ते काम माझं. मी एकेक मुद्दा वाचत गेले, ती "हाव, हाव" करत गेली. शेवटी एक ओळ होती. तपासणीत तुमच्या तब्येतीबद्दल काही महत्त्वाचं आढळलं तर तुम्हाला कळवावं का?

"हे काय इचारनं झालं?" ती म्हणाली. "काई निंगालं त तू सांगशीलच नं."

"लिहा लागते मोठीमाय. हो का नाही."

"लिव्ह मंग हो."

मी 'हो'वर खूण केली. तिनं खाली एकेक अक्षर कोरत सही केली. तिच्या नळ्यांवर नाव नव्हतं, फक्त क्रमांक. एकोणीस. कोणता क्रमांक कोणाचा, हे प्रयोगशाळेत कोणालाच कळू नये म्हणून यादी बंद पाकिटात असे. पण पहिली खुर्ची कोणाची होती आणि गावातला पहिला क्रमांक कोणता, हे मला पाकिटावाचून माहीत होतं.

त्याच दुपारी मी पेशी वेगळ्या करायला बसले. रक्त एका दाट द्रावावर अलगद सोडून नळी यंत्रात फिरवली की थर पडतात. तळाशी लाल, वर पिवळसर पाणी, आणि मध्ये पांढऱ्या पेशींची बारीक, धुरकट रेघ. बाकीच्या नळ्यांत तशी रेघ होती. एकोणीसमध्ये रेघ नव्हती, सायीसारखा जाड थर होता. त्यातून बी पेशी निवडल्या तर त्या इतरांपेक्षा कितीतरी पट निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, बऱ्याच फुटून पसरल्या होत्या. मी वहीत लिहिलं, 'पेशी जास्त, नाजूक.' निम्म्या पेशी तशाच ठेवल्या, निम्म्यांना चेतवणारं द्रावण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींतला आरएनए काढला, म्हणजे त्या क्षणी कोणती जनुकं वापरात होती याची नोंद. तो वाचायला पाठवून दिला. जास्तीच्या पेशी गोठवून ठेवल्या.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर आला. मॅडमनी आणि मी आलेख पडद्यावर उघडला. प्रत्येक माणसाचे दोन ठिपके, एक चेतवण्याआधीचा, एक नंतरचा. आधीचे सगळे ठिपके डाव्या कोपऱ्यात दाटीनं बसलेले, नंतरचे सगळे उजवीकडं वर गेलेले. इतका स्वच्छ आलेख माझ्या हातून आधी निघाला नव्हता. फक्त दोन ठिपके सगळ्यांपासून लांब, खाली, एकमेकांना चिकटून होते. त्या पेशी आधीच वेगळ्या होत्या आणि चेतवल्यावर जागच्या हलल्याच नव्हत्या म्हटलं तरी चालेल.

"हा कोणता?" मॅडमनी विचारलं.

"एकोणीस. गावाकडचा नमुना."

"पेशींना काय झालं होतं?"

"बऱ्याच फुटल्या होत्या मॅडम. वाटेत गाडीत गरम झाला असेल."

पेशी फुटल्या होत्या हे खरं होतं. म्हणूनच पुढचं खोटं इतकं सहज गेलं. त्याच पेटीत, त्याच बर्फावर गावातले बाकीचे नमुनेही आले होते आणि ते ठणठणीत होते. मॅडमनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "मग काढून टाक," त्या म्हणाल्या, "कारण नीट नोंदव." मी 'वाहतुकीत खराब' असं नोंदवलं आणि आलेख पुन्हा काढला. आता तो कुठंच खटकत नव्हता.

मला काही कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी मी एकोणीसची माहिती एकटीनं पुन्हा उघडली. निरोगी माणसाच्या रक्तात बी पेशी नाना प्रकारच्या असतात, कारण प्रत्येकीनं आपली वेगळी खूण ओळखायची असते. त्यांच्या प्रतिपिंडांचे दोन मोठे गट असतात आणि दोन्ही मिसळलेले दिसतात. इथं जवळजवळ एकच गट होता. म्हणजे एकाच पेशीपासून या सगळ्या झाल्या होत्या. बी पेशी वाढलेल्या, एकाच वंशाच्या, नाजूक, चेतवल्या तरी थंड. पाठ्यपुस्तकात हे एका प्रकरणात सलग लिहिलेलं असतं आणि ते प्रकरण मी परीक्षेसाठी दोनदा वाचलं होतं. रक्ताचा कर्करोग. हळूहळू वाढणारा, उतारवयात होणारा.

मी फाईल बंद केली.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. ही संशोधनाची चाचणी आहे, निदानाची नाही. मी डॉक्टर नाही. खरंच नमुना खराब झाला असेल. सांगितलं तर मॅडमना समितीकडं जावं लागेल, मी क्रमांक ओळखते हे उघड होईल, गावाचे सगळे नमुने अडकतील, प्रबंध लांबेल. यातलं शेवटचं कारण सगळ्यात खरं होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं. सांगायला मला तिच्या समोर बसावं लागलं असतं.

एक फोन पुरला असता. "मोठीमाय, उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन साधी रक्ताची तपासणी करून ये." पांढऱ्या पेशी किती आहेत एवढं त्या तपासणीत कळतं आणि बाकीचं तिथल्या डॉक्टरनं पाहिलं असतं. मी कित्येकदा तिचा नंबर काढला. ती "कायले?" म्हणेल आणि मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून फोन परत ठेवून दिला.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला तेव्हा मी दोन दिवसांसाठी गावी गेले. मोठीमाय पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, इतर बायकांबरोबर ओळीनं वाकून धान लावत. मला बघून ती शेताच्या कडेला, धुऱ्यावर आली. तेवढं चालून तिला धाप लागली. पाणी पिताना तिनं मान वर केली आणि मला तिच्या जबड्याखाली गाठ दिसली, लिंबाएवढी. दुसऱ्या बाजूला तशीच, थोडी लहान.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"काय जानं. दुखत त नाई. ताप येते मधामधात, अंगावरच काढतो." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू शिकलेली हायेस यातली. तुले काय वाटते?"

तिनं सरळ विचारलं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बायका बांधीच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

"थकवा असेल," मी म्हणाले. "रोवण्याचे दिवस हायेत. झालं का दाखवून घे दवाखान्यात."

"हाव. रोवना होऊ दे," ती म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली.

उन्हाळ्यात मी गप्प राहिले, ते एक वेळ शंका होती म्हणून म्हणता येईल. धुऱ्यावर मात्र मला गाठी दिसल्या, ताप कळला, धाप ऐकू आली, आणि तिनं माझ्यावर विसंबून माझं मत मागितलं. मी ते मत दिलं. त्या मतावर ती आणखी कित्येक दिवस पाण्यात उभी राहिली.

दिवाळीच्या आसपास माझा शोधनिबंध छापून आला. आईनं गल्लीत पेढे वाटले. मोठीमायनं पेढा कपाळाला लावला, मग खाल्ला. "माह्यं बी रक्त असंन त्यात," ती सगळ्यांना सांगत होती. "पयली मीच बसली होती खुर्चीवर." आई कौतुकानं हसली. मीही हसले. त्या निबंधात गावातल्या बाकी सगळ्यांचं रक्त होतं, तिचं तेवढं नव्हतं.

थंडीत तिला निमोनिया झाला. आधी गावातल्या डॉक्टरकडं सलाईन, मग भंडारा, तिथून तिसऱ्या दिवशी नागपूर. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि पवनीची ताई, तिची मुलगी, कॉटच्या पायथ्याशी चादर घडी करत होती, पुन्हा उलगडत होती. रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की निमोनिया आहेच, पण पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आहेत, आणखी तपासण्या कराव्या लागतील. ज्या पेशींनी जंतूंशी लढायचं त्याच आजारी आहेत, म्हणून फुप्फुसाचा संसर्ग इतका वाढला. "याआधी कधी यांचं रक्त तपासलं होतं का?"

"नाही, कधीच नाही," ताई म्हणाली.

मी ताईच्या शेजारी उभी होते. माझ्या गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र होतं, घाईत काढायचं राहिलेलं. मी ते उलटं केलं, नावाची बाजू आत. आणि तेव्हाही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेले आणि सगळं सांगितलं. नमुना, आलेख, गाठी, धुऱ्यावरचं बोलणं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. आपल्या कामाचे दोनचार प्रश्न विचारले, किती पेशी होत्या, कोणता गट होता, ते लिहून घेतलं.

"सर, तेव्हाच कळलं असतं तर?" मी विचारलं.

"या आजारात सुरुवातीला आम्ही पुष्कळदा औषध देतच नाही, नुसतं लक्ष ठेवतो," ते म्हणाले. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्यांना दिसलं असावं. "पण लक्ष ठेवतो," ते पुढं म्हणाले. "निमोनियाची लस दिली असती. ताप आला की लगेच या, असं बजावलं असतं. ताप अंगावर घेऊन चिखलात उभं राहू दिलं नसतं. हा निमोनिया टळलाच असता असं मी म्हणणार नाही. टळला असता, असं होऊ शकलं असतं."

यापेक्षा जास्त कोणी मला कधी सांगू शकलेलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या धरून बसले असते.

मोठीमाय वाचली. आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या. पण उजवं फुप्फुस पहिल्यासारखं झालं नाही. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी गावी गेले. दुपार होती. अंगणात खाटेवर उन्हाला ती बसली होती, मांडीवर सूप घेऊन लाखोरी निवडत. ताई आत स्वयंपाकघरात होती.

"मोठीमाय, मले तुले एक सांगायचं हाये."

"सांग नं."

"तू शाळेत रक्त दिलं होतं. त्यात मले हे दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"हाच आजार. पक्कं नव्हतं. शंका आली होती."

तिचे हात सुपात थांबले. "कवा?"

"मांगच्या उन्हाळ्यात."

"म्हंजे रोवन्याच्या आंधी."

"हाव."

"शंका म्हंजे माहीतच नं बाई," ती म्हणाली. तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "धुऱ्यावर मी तुले इचारलं होतं."

"हाव."

"तू थकवा म्हनली."

"हाव."

"भेव वाटलं का तुले?"

"हाव."

"माह्यं भेव, का तुह्यं?"

तिला काय विचारायचं होतं ते मला नीट कळलं. तिच्या जिवाची काळजी वाटली म्हणून मी गप्प राहिले, की स्वतःसाठी? पहिलं उत्तर दिलं असतं तर तिनं ते घेतलं असतं, असं मला आजही वाटतं. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि ती सोपी होती.

"माह्यं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. सूप खाली ठेवलं. "दिवाईले पेढे खाल्ले आपन," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

ताई दारात येऊन उभी होती. कधीपासून, ठाऊक नाही. ती ओरडली नाही. "आमच्यात एवढी शिकलेली तूच," ती म्हणाली. "आई म्हणायची, काही झालं तर ती हाये नागपुरात. तुझ्या भरवशावर मी तिकडं पवनीत निवांत होती." मग ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ते दार माझ्यासमोर कधी लोटलेलं मी पाहिलं नव्हतं.

नागपूरला परतल्यावर मी मॅडमना सांगितलं. "तू तेव्हा मला सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या, आणि मग, "मीही दुसरा प्रश्न विचारला नाही." समितीला पत्र गेलं. शोधनिबंधात दुरुस्ती छापून आली, की अमुक नमुना वगळण्याचं दिलेलं कारण बरोबर नव्हतं. निष्कर्ष बदलले नाहीत. माझी चौकशी झाली. वर्षभर मला माणसांच्या नमुन्यांवर काम करता आलं नाही, प्रबंध लांबला. ज्याला घाबरून मी गप्प राहिले होते ते सगळं घडलं आणि ते सोसण्यासारखंच निघालं. हे कळल्यावर मला स्वतःची जास्तच लाज वाटली. आता कुठल्याही गावात रक्त घेतलं की त्यातली एक नळी त्याच दिवशी साध्या तपासणीला जाते आणि अहवाल मराठीत छापून घरपोच मिळतो. हा नियम मॅडमनी केला. त्याचं श्रेय माझ्या नावावर जमा होऊ नये.

मोठीमाय माझ्याशी बोलायची थांबली नाही. मी गेले की खाट पुढं करते, पाणी देते. पण त्या दुपारनंतर पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती म्हणाली, "बसा. कवा आले तुमी?" मला वाटलं, मागं कोणीतरी उभं आहे. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तेव्हापासून ती मला 'तुमी' म्हणते. माझ्या आईसमोर, गल्लीतल्या बायकांसमोर, दवाखान्यात, सगळीकडं. बायकांना वाटतं, पोरगी मोठी झाली म्हणून मान देते. आईला खरं माहीत आहे आणि ती त्यावर बोलत नाही.

दर तीन महिन्यांनी तिला नागपूरला दाखवायला आणावं लागतं. दवाखान्यातला रस्ता मला माहीत, म्हणून ताई मला बोलावते. मी चिठ्ठी काढते, रांग धरते. आत गेल्यावर मोठीमाय अहवाल डॉक्टरांच्या हातात देते. "तुमीच वाचून दाखवा साहेब, पुरं वाचा," म्हणते. माझ्याकडं तो कागद ती कधी देत नाही. डॉक्टर वाचतात. पेशी उतरल्या आहेत, गाठी बसल्या आहेत. शेत तिनं दुसऱ्याला कसायला बटईनं, वाट्यानं दिलं आहे. रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यापर्यंत जाऊन उभी राहते, असं आई सांगते.

मागच्या पावसाळ्यात मॅडमनी एक गोष्ट काढली. एकोणीसच्या गोठवलेल्या पेशी अजून शीतपेटीत होत्या. उपचाराच्या कितीतरी आधी घेतलेला नमुना; चेतवल्यावर या पेशी थंड का राहतात हे शोधायला तो फार मोलाचा. पण नवी संमती लागणार होती, आणि ती मी मागायची नाही असं समितीनं ठरवलं. एक समाजसेविका कागद घेऊन गावी गेली. ताईनं तो मोठीमायला वाचून दाखवला. मोठीमायनं एक महिना मागून घेतला.

पुढच्या तपासणीच्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना तिनं मला विचारलं, "त्या माह्या रक्तात अजून काय पाहाचं हाये?"

मी सांगितलं. निरोगी पेशीला खूण दिली की तिच्यात किती जनुकं कामाला लागतात, तिच्या पेशीत ती का लागली नाहीत, ते कळलं तर पुढं कोणासाठी औषध करायला उपयोग होऊ शकेल. जितकं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. आग्रह केला नाही.

"तुमाले पायजे का थे?"

"मला पाहिजे," मी म्हणाले. "पण तू नाही म्हटलं तर नाही."

"नाई," ती म्हणाली. "फेकून द्या."

तिनं सोबत आणलेल्या कागदावर 'नाही'वर खूण करून खाली सही केली, तशीच एकेक अक्षर कोरत, आणि तो दवाखान्यातच भेटलेल्या समाजसेविकेला दिला. मॅडमना वाईट वाटलं. नियमाप्रमाणं नमुना नष्ट करताना दोघं हजर लागतात. त्यातली एक होण्याचं मी मागून घेतलं. शीतपेटीतून तीन छोट्या कुप्या निघाल्या. त्यावर माझ्याच अक्षरात क्रमांक होता. कुप्या पिशवीत घातल्या, पिशवी वाफेच्या यंत्रात ठेवली, संगणकातली माहिती पुसली आणि नोंदवहीत सही केली. सगळं मिळून तासभरही लागला नाही.

दुपारी मोठीमायला फोन केला. झालं म्हणून सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. तिकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. "जेवले का तुमी?"

"नाही अजून."

"मंग जेवून घ्या," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.